हुकमाची फिल्म

(अंबाजोगाई येथे गुरुजींच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्या गुरुजींचा एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. आदल्या रात्री शाळेच्या पटांगणात सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी आली होती. चुना दिलेली भिंत हाच पडदा. एकीकडे जनरेटरची धडधड, दुसरीकडे सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची टकटक, आणि भिंतीवर कुठल्याशा धरणाची फिल्म. दरवाजे उघडले, पाणी उसळलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात विचारलं, "काल काय काय दाखवलं?" आम्ही भडाभडा सांगत सुटलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आणि काय नाही दाखवलं?" वर्ग चिडीचूप. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. धरणात गाव गेलं म्हणून तो आमच्या शाळेत आला होता. म्हणाला, "गुरुजी, गाव नाही दाखवलं."

पुढे मी आयुष्यभर चित्रपट पाहिले, शिकवले, त्यांच्यावर लिहिलं. पण चित्रपट पाहायचा कसा, हे त्या मुलाच्या एका वाक्याने शिकवलं. आज तोच प्रश्न मी काही मोठ्या माणसांना विचारणार आहे. हे सगळे नावाजलेले दिग्दर्शक. पैसा, कीर्ती, नट-नट्या, सगळं हाताशी. दुसरं महायुद्ध आलं आणि त्यांनी सरकारसाठी माहितीपट काढले. कोणी गणवेश चढवून, कोणी धोतर-कोटातच. त्यांनी काय दाखवलं, काय नाही दाखवलं, आणि हुकमाच्या फिल्ममध्ये त्यांची स्वतःची नजर कितपत शिल्लक राहिली, एवढाच आजचा विषय.

सुरुवात लांबून करतो. जॉन फोर्ड. घोडेस्वारांचे, वाळवंटाचे चित्रपट काढणारा हॉलिवूडचा बडा दिग्दर्शक. युद्धात तो अमेरिकन नौदलात अधिकारी झाला आणि कॅमेरावाल्यांची एक तुकडीच त्याने उभी केली. १९४२च्या जूनमध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर जपानी विमानं येणार, अशी खबर होती. फोर्ड तिथल्या वीजघराच्या छपरावर जाऊन उभा राहिला. सोबत सोळा मिलिमीटरचा कॅमेरा. शंभर फुटांचं एक रीळ घातलं की पावणेतीन मिनिटं मिळायची. बॉम्ब जवळ पडला, फोर्डच्या हाताला जखम झाली, पण चित्रण थांबलं नाही.

त्यातून अठरा मिनिटांचा 'द बॅटल ऑफ मिडवे' झाला. त्यातली एक जागा पाहण्यासारखी आहे. स्फोटाच्या दणक्याने चित्र थरथरतं, कॅमेऱ्यातली फिल्म दात्यांवरून घसरते, क्षणभर चौकटच वेडीवाकडी होते. स्टुडिओत असं झालं असतं तर तो तुकडा कात्रीखाली गेला असता. फोर्डने तो ठेवला. युद्ध म्हणजे काय, हे त्या घसरलेल्या फिल्मने निवेदकापेक्षा जास्त सांगितलं. पण हाच फोर्ड व्यवहारालाही पक्का होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा लष्करात होता, त्याची एक छबीही त्याने फिल्ममध्ये बसवून दिली. घरच्याच माणसाचं चित्र असलेली फिल्म व्हाइट हाउसमध्ये कोण अडवणार? घसरलेली फिल्म आणि साहेबाचा मुलगा, दोन्ही एकाच अठरा मिनिटांत! हुकमाच्या फिल्मची जातकुळी इथे कळते.

दुसरा जॉन ह्यूस्टन. इटलीत सान पिएत्रो नावाच्या डोंगरातल्या खेड्यासाठी १९४३च्या डिसेंबरात लढाई झाली, तिच्यावर त्याने फिल्म केली. मेलेल्या सैनिकांना पिशव्यांत घालून नेताना त्याने दाखवलं. वरिष्ठांना ते पचलं नाही. फिल्म युद्धविरोधी आहे अशी कुरकुर झाली आणि ती कापून छोटी करावी लागली. पुढे अभ्यासकांनी शोधून काढलं की, त्यातली लढाईची बरीचशी दृश्यं लढाई संपल्यावर सैनिकांकडून पुन्हा करवून घेतलेली होती. म्हणजे जिथे गोळ्या उडताना दिसतात तिथे बनाव, आणि जिथे काहीच घडत नाही, नुसत्या पिशव्या उचलल्या जातात, तिथे सत्य. नजर सरावली नसेल तर आपण नेमकं उलटं समजून बसतो.

त्यानंतर ह्यूस्टनने लष्कराच्याच सांगण्यावरून मनाने मोडून परतलेल्या सैनिकांवर 'लेट देअर बी लाइट' केली. बोलताना अडखळणारे, रडणारे, पाय धड असून चालता न येणारे जवान. लष्कराने फिल्म करायला सांगितली, आणि तयार झाल्यावर लष्करानेच ती दडपली. जवळजवळ ३५ वर्षं ती लोकांना दाखवता आली नाही, १९८०च्या अखेरीस मोकळी झाली. हुकूम देणाऱ्याला आपण काय मागितलं हे पुष्कळदा पडद्यावर पाहिल्यावरच कळतं.

आणि विल्यम वायलर. बॉम्बफेकी विमानांतून प्रत्यक्ष मोहिमांवर जाऊन त्याने 'मेम्फिस बेल' काढली. त्याचा एक सहकारी छायाचित्रकार अशाच एका उड्डाणात गेला. पुढे इटलीवर विमानातून चित्रण करताना इंजिनांच्या गर्जनेने वायलरचे कान निकामी झाले. ऐकू न येणारा हा माणूस घरी परतला आणि १९४६मध्ये 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' घेऊन आला. युद्धावरून परतलेल्या तीन माणसांना घर पुन्हा आपलं वाटेना, त्याची ती कथा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं पुराण झालं, आमच्याकडे काय? आमच्याकडे शांतारामबापू होते.

१९४० साली मुंबईत ब्रिटिश सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केलं. काम एकच, युद्धाला लोकांचा पाठिंबा मिळेल असे माहितीपट काढायचे. अध्यक्ष झाले जे. बी. एच. वाडिया, म्हणजे 'हंटरवाली'वाले वाडिया मूव्हीटोनचे मालक. आज ऐकायला गंमत वाटते. पण वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते, आणि फॅसिझमचा पराभव आधी, बाकीचं नंतर, अशी रॉय यांची भूमिका होती. आपल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनीही तीच वाट धरली होती. तेव्हा युद्धाला मदत करणारा तो सरकारचा चमचा, असा सोपा हिशेब त्या काळाला लागू पडत नाही.

निर्मितीसाठी आधी ब्रिटनहून माहितीपटवाले अलेक्झांडर शॉ आले. ते फार टिकले नाहीत. त्यांच्यानंतर चीफ प्रोड्यूसर झाले व्ही. शांताराम. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' काढणारा, प्रभातचा कणा असलेला माणूस. 'शेजारी'त त्यांनी नुकतंच हिंदू-मुसलमान म्हाताऱ्यांच्या दोस्तीचं चित्र रंगवलं होतं. घरोघरी नाव असलेला दिग्दर्शक युद्धखात्याच्या लघुपटांचा कारभार हाती घेतो, ही हॉलिवूडच्या त्या मंडळींच्या सर्वांत जवळची मराठी गोष्ट. फरक मात्र मोठा आहे. फोर्ड स्वतःच्या देशाच्या नौदलात होता. शांतारामबापूंना हुकूम देणारं सरकार परकं होतं, आणि त्यांचे बहुतेक प्रेक्षक त्याच सरकारला 'चालते व्हा' म्हणण्याच्या तयारीत होते.

१९४२ उजाडलं. नेते तुरुंगात गेले. त्याच साली शांतारामबापूंनी बोर्डाचं काम सोडलं, प्रभातही सुटली होती, आणि परळला वाडियांच्याच स्टुडिओच्या जागेत राजकमल कलामंदिर उभं राहिलं. बोर्डाच्या कामावर एझ्रा मीर आले. १९४३मध्ये बोर्ड गुंडाळून इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड सुरू झाली.

आणि सरकारने प्रेक्षकांचीही सोय करून टाकली. भारत संरक्षण नियमांत ४४-अ हा नियम आला. प्रत्येक खेळात सरकारमान्य फिल्म दाखवायची, वर तिचं भाडंही थिएटरवाल्याने भरायचं. लांबीची मर्यादा दोन हजार फूट, म्हणजे सुमारे बावीस मिनिटं. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, पण ही सक्ती परवान्याच्या अटींतून पुढे कित्येक वर्षं राहिली. फिल्म्स डिव्हिजनचं रीळ संपेपर्यंत बाहेर विडी ओढत उभे राहिलेले प्रेक्षक आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेत, त्यांत काही जण आज समोरच बसले असतील. सक्तीने माणसाला खुर्चीवर बसवता येतं, बघायला लावता येत नाही.

युद्धामुळे कच्ची फिल्मही रेशनवर गेली. कथापटाला अकरा हजार फुटांच्या वर परवानगी नाही, म्हणजे झाली दोन तासांची मर्यादा. पुढे तर फिल्म हवी असेल तर युद्धाला उपयोगी पडेल असा चित्रपटही काढा, असा दंडक आला. आणि इथे शांतारामबापूंनी जे केलं त्याला माझा सलाम आहे.

त्यांनी विषय निवडला डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आपल्या शेजारच्या सोलापूरचे. १९३८ साली काँग्रेसने जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. एकदा लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. तिथेच लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून १९४६मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आला. डॉक्टरांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू.

आता हुकमाची गंमत पाहा. चीन ब्रिटनचा मित्र, जपान शत्रू. म्हणजे चीनला मदत करणाऱ्या भारतीयाची कथा ही युद्धाला मदतच झाली. सरकारी साहेबाला बोट ठेवायला जागा नाही. पण ते पथक पाठवलं कोणी? काँग्रेसने, जिचे नेते याच सरकारने तुरुंगात डांबले होते. आणि चित्रपटाचा नायक कोण? इंग्रजांसाठी लढणारा शिपाई नव्हे, आपल्या मर्जीने परक्या देशातल्या जखमींची सेवा करणारा हिंदी डॉक्टर. सरकारने दिलेल्या फिल्मवर शांतारामबापूंनी स्वतंत्र भारताची परराष्ट्रनीती लिहून ठेवली! पत्त्यांत हुकूम ज्याच्या हाती त्याचा डाव. इथे हुकूम सरकारचा होता, पान शांतारामबापूंनी आपलं टाकलं.

गुरुजींचा प्रश्न इथेही विचारतो. काय नाही दाखवलं? ज्या इटलीत ह्यूस्टनने सान पिएत्रो टिपलं, त्याच इटलीत आपली माणसं लढत होती. १० जुलै १९४४ला रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिथे धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी आधी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं. मग शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या गप्प केल्या. आणि शेवटी नदीच्या बांधावर सरळ उघड्यावर उभं राहून, मराठ्यांची आरोळी देत, हात हलवून उरलेल्या पलटणीला बोलावून घेतलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तो बांध डोळ्यांसमोर आणा. धूर, चिखल, आणि वर एकटा उभा राहून आरोळी ठोकणारा शेतकऱ्याचा पोरगा. कुठल्या दिग्दर्शकाने असं दृश्य सोडलं असतं? पण त्या बांधापाशी आपला फोर्ड नव्हता, आपला ह्यूस्टन नव्हता. ते दृश्य आपल्यापर्यंत पोचलं सन्मानपत्राच्या चार ओळींतून.

आणि आपलं बीड तेव्हा कुठे होतं? निजामाच्या मुलखात. आपलं अंबाजोगाई तेव्हाचं मोमिनाबाद, एकेकाळी हैदराबाद कन्टिंजंटच्या घोडदळाची छावणी असलेलं गाव. निजाम इंग्रजांचा जुना दोस्त, युद्धासाठी सढळ हाताने पैसा देणारा. ब्रिटिश हवाई दलात तर थेट 'हैदराबाद' नावाच्या तुकड्या होत्या. त्यातल्या १५२व्या तुकडीच्या चिन्हावर निजामाची दस्तार होती आणि ब्रीद होतं 'विश्वासू मित्र'. निजामाच्या खजिन्यात आपल्या बालाघाटातल्या ज्वारी-कापसाच्या शेतांचा साराही जात होता. म्हणजे आपले आजोबा बांधावर उभे राहून ढगाकडे पाहत असतील, तेव्हा त्यांच्या साऱ्यातले चार पैसे इंग्लंडच्या आकाशात उडत होते. ही फिल्म कोणी काढली नाही.

त्यानंतरचं तर आपल्या घरातलंच आहे. १९४६मध्ये सरकारी चित्रपट विभागाचा निधी बंद झाला. परिणाम असा की, १९४७च्या ऑगस्टात स्वतंत्र होणाऱ्या देशाकडे तो क्षण टिपायला स्वतःचा सरकारी चित्रपट विभाग नव्हता. ते काम हौशी आणि खाजगी कॅमेरावाल्यांनी केलं. फिल्म्स डिव्हिजन आलं १९४८मध्ये. त्याच वर्षी १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि मराठवाडा निजामाच्या हातून सुटला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी याच गावात वावरले, त्या लढ्याचं मोल इथल्या मातीला मी सांगायला नको. रझाकारांनी जे केलं ते आपण मुक्तिदिनाला सांगतो, सांगायलाच हवं. पण ॲक्शननंतर काही गावांत सामान्य मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, आणि तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. ह्यूस्टनची फिल्म ३५ वर्षांनी बाहेर आली म्हणून अमेरिकेला नावं ठेवण्याआधी आपणही आपलं कपाट उघडून पाहावं. गुरुजी स्वातंत्र्यसैनिकांच्या गावचे, तरी 'काय नाही दाखवलं' हा प्रश्न त्यांनी आपल्याच बाजूला आधी विचारला असता.

आता शेवटाकडे येतो. या गावात दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांब कापड, आणि त्यावर एका संताने हाताने लिहून काढलेलं पंचीकरण. बाहेरचे पाहुणे आले की आपण अभिमानाने दाखवतो. मी चित्रपटाचा माणूस, म्हणून एकदा सहज हिशेब केला. पस्तीस मिलिमीटरची चाळीस फूट फिल्म पडद्यावर चालते जेमतेम सत्तावीस सेकंद. सत्तावीस सेकंदांच्या लांबीवर दासोपंतांनी विश्वाची मांडणी बसवली. त्यांना कोणा सरकारचा हुकूम नव्हता. तरुणपणी बिदरच्या बादशहाने त्यांना सारा थकल्यापायी ओलीस ठेवलं होतं, तेव्हा सरकार म्हणजे काय हे ते पुरतं ओळखून होते.

फोर्डची एक फिल्म मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली आहे. मिडवेच्या आधी त्याच्या तुकडीने टॉर्पेडो स्क्वाड्रन ८ नावाच्या पथकाच्या वैमानिकांचं थोडं चित्रण केलं होतं. जहाजावर, विमानाशेजारी, दोन-दोन जण जोडीने उभे, हसतायत, लाजतायत, कॅमेऱ्यापुढे काय करावं न सुचल्यासारखे. लढाईत या पथकाची पंधरा विमानं जहाजावरून उडाली, तीस माणसं. परत आला एक. फोर्डने ते चित्रण जोडून सुमारे आठ मिनिटांची छोटी फिल्म केली, घरच्या प्रोजेक्टरवर चालेल अशा आठ मिलिमीटरवर तिच्या प्रती काढल्या, आणि गेलेल्यांच्या घरी पाठवल्या. तिच्यात लढाई नाही, झेंड्याखालचं भाषण नाही, साहेबाचा मुलगाही नाही. ती कुठल्या थिएटरात लागली नाही. मला विचाराल तर फोर्डच्या युद्धकाळातल्या कामात तीच सर्वांत खरी, कारण ती कोणाच्या हुकमाने झाली नव्हती आणि कोणाला काही पटवायची नव्हती. फक्त काही घरांना आपला मुलगा आणखी एकदा हसताना दिसावा, एवढाच तिचा हेतू होता.

बीड जिल्ह्यात घराघरांतून पोरं सैन्यात आहेत. आणि १९४८ पाहिलेली, तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत, ओसरीवर बसली आहेत. ज्या कॅमेऱ्यासाठी फोर्डला नौदल लागलं आणि शांतारामबापूंना सरकारचा परवाना लागला, तो आज तुमच्या खिशात आहे. चावी द्यायला नको, रीळ बदलायला नको. आज रात्री घरी गेल्यावर आजोबांच्या समोर बसा, तो सुरू करा, आणि विचारा, "आजोबा, तुम्ही पाहिलंत ते कोणी दाखवलं नाही. काय होतं ते?"

आठ मिनिटं पुरतील. आणि लक्षात ठेवा, हा हुकूम नाही.